‘रहस्य’ म्हणजे न उलगडणारं कोडं नव्हे

ख्रिस्ती शास्त्रातलं ‘देवाचं रहस्य’ माणसाला कधीच कळत नाही, किंवा मोजक्या सिद्धांनाच कळतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. घोटाळा होतो शब्दामुळे: मराठीत रहस्य म्हटलं की झाकलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मूळ ग्रीक शब्द ‘मुस्तेरियॉन’. बायबलच्या जुन्या करारातल्या दानिएल या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायाच्या ग्रीक भाषांतरात तो नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नासाठी येतो, आणि ते स्वप्न तिथेच उलगडतं.

प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या, बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात हा शब्द ६ वेळा आहे. ३:६ (अध्याय ३, ओवी ६) उघडून पाहा, रहस्य काय ते सरळ लिहिलंय: यहूदी नसलेलेही ख्रिस्तात सहवारस, एकाच शरीराचे अवयव, वचनाचे भागीदार. पूर्वी गुप्त होतं, आता जाहीर झालं. मग ते मूठभरांचं कसं राहील?

कृपा इथेच येते. तिच्यासाठीचा ग्रीक शब्द ‘खारिस’, म्हणजे न कमावलेली देणगी. याच पत्रात २:८-९ म्हणतं, तारण (पापातून सुटका) कृपेनं, कर्मांनी नव्हे. देवाची खोली संपत नाही हे खरंच (पौलाचं रोमकरांस पत्र ११:३३), पण ती गोष्ट वेगळी. वाचताना ‘रहस्य’ शब्दावर थांबू नका, पुढच्या दोन-तीन ओळी वाचा. उत्तर बहुधा तिथेच असतं.