बुद्धिबळाच्या घड्याळात इन्क्रिमेंट की डिले?

बुद्धिबळात प्रत्येक चालीमागे मिळणारा जादा वेळ दोन पद्धतींनी दिला जातो, आणि स्पर्धेच्या परिपत्रकात केवळ ‘५ मिनिटे अधिक ५ सेकंद’ असे छापलेले असल्यास नवख्या आयोजकाला त्या दोन्ही एकच वाटतात. इन्क्रिमेंटमध्ये चाल करून घड्याळ दाबले की ठरलेले सेकंद शिल्लक वेळेत जमा होतात, मग ते वापरलेले असोत वा नसोत. डिलेमध्ये मात्र पाळी आली की घड्याळ तेवढे सेकंद थांबते आणि त्यानंतरच मूळ वेळ कमी होऊ लागते. चाल त्याआधीच झाली, तर उरलेले सेकंद कोणाच्याच खाती पडत नाहीत.

समजा, जादा वेळ ५ सेकंदांचा आहे आणि खेळाडूपाशी १ मिनिट उरले आहे. त्याने ८ सेकंद विचार करून चाल केली, तर दोन्ही पद्धतींत ५७ सेकंदच राहतात. तीच चाल त्याने २ सेकंदांत केली, तर इन्क्रिमेंटमध्ये १ मिनिट ३ सेकंद होतात आणि डिलेमध्ये १ मिनिटच राहते. म्हणजे सगळा फरक झटपट चालींचा आहे, आणि म्हणूनच तो डावाच्या अंतिम पर्वात निर्णायक ठरतो. उंट व घोडा यांच्या साहाय्याने एकट्या राजावर मात करायला ३३ पर्यंत चाली लागू शकतात. इन्क्रिमेंट असेल, तर पाठ असलेल्या चाली भराभर करून साठवलेला वेळ अवघड जागी खर्च करता येतो. डिलेमध्ये अशी बचत शक्यच नसते. खेळाडूच्या कौशल्याला न्याय देणारी पद्धत म्हणून माझा कौल इन्क्रिमेंटलाच आहे.

माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांना इन्क्रिमेंटच्या घड्याळाचे पेटंट १९८९ मध्ये मिळाले आणि १९९२ च्या बोरिस स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरले गेले. अमेरिकेतील स्पर्धांत डिले अजूनही रुळलेला आहे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, स्पर्धांत मात्र इन्क्रिमेंटच प्रचलित आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हम्पी यांना ज्या टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या निर्णायक डावांत) हरवले, तोही १५ मिनिटे आणि १० सेकंदांच्या इन्क्रिमेंटचा होता.

आयोजकाची अडचण वेळापत्रकाची असते. फिडे डावाचा प्रकार ठरवताना ६० चाली धरते, त्यामुळे १५ अधिक १० म्हणजे प्रत्येकी २५ मिनिटे होतात. पण डाव १०० चालींचा झाला, तर हाच आकडा ३१ मिनिटे ४० सेकंदांवर जातो आणि पुढची फेरी रखडते. डिलेतही कमाल मर्यादा तेवढीच असली, तरी झटपट चालींचे सेकंद साठत नसल्याने लांबलेले डाव सहसा लवकर आटोपतात. एकाच दिवसात सहा-सात फेऱ्या उरकायच्या असतील आणि सभागृह संध्याकाळी रिकामे करून द्यायचे असेल, तर हा विचार जरूर करावा. निवड कोणतीही असो, परिपत्रकात पद्धतीचे नाव स्पष्ट छापावे आणि पहिल्या फेरीआधी पंचांनी प्रत्येक पटावरचे घड्याळ तपासावे, कारण डिजिटल घड्याळांत या दोन्हींचे पर्याय वेगवेगळे असतात आणि चुकीचा पर्याय लागला, तर ते बहुधा कोणाचा तरी फ्लॅग पडल्यावरच, म्हणजे वेळ संपल्यावरच, लक्षात येते.