डाउनलोड केलेले कागद कुठं ठेवायचे, ते तुम्हीच ठरवा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की आम्ही आधी विचारतो, "यात महत्त्वाचं काय आहे आणि ते कुठं ठेवलंय?" काय आहे ते लगेच कळतं: सातबारा, उत्पन्नाचा दाखला, बँकेची स्टेटमेंट, जीएसटीची रिटर्न्स, मुलांची मार्कलिस्ट. कुठं ठेवलंय याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा असं येतं: "डाउनलोड केलंय ना, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच असेल."

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांचा कॉम्प्युटर फॉरमॅट करायला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायला आला. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच घ्या, असं ते म्हणाले आणि आम्ही तेवढंच घेतलं. त्यांच्या जमिनीच्या व्यवहाराचे स्कॅन केलेले कागद मेलवरून डाउनलोड केलेले होते आणि ते होते डाउनलोड्स फोल्डरमध्ये. तो फोल्डर ना त्यांना आठवला, ना आम्ही उघडून पाहिला. जुन्या मेलमधून काही कागद परत मिळाले, काही कायमचे गेले. त्याची खंत आम्हाला आजही आहे. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे.

मुळात फाइल जाते कुठं?

विंडोज कॉम्प्युटरवर काहीही डाउनलोड केलं, की आपण वेगळं सांगितलेलं नसेल तर ते सी ड्राइव्हमध्ये, म्हणजे साठवणीच्या 'सी' नावाच्या कप्प्यात जातं. सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स', त्यात तुमच्या नावाचा फोल्डर आणि त्यात 'डाउनलोड्स'. डेस्कटॉपसुद्धा याच नावाच्या फोल्डरमध्ये असतो. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल समोर दिसते म्हणून सुरक्षित वाटते, पण तीही सी ड्राइव्हमध्येच असते.

आणि सी ड्राइव्ह म्हणजे खुद्द विंडोजचं घर. विंडोज बिघडली, व्हायरस शिरला, नवी विंडोज कोरी टाकायची झाली, की पुसला जातो तो सी ड्राइव्ह. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून विंडोज ११ टाकून घ्यायला बरेच कॉम्प्युटर येत आहेत, म्हणजे हा प्रसंग आता पुष्कळांवर येणार आहे.

दुसरी अडचण जागेची. बऱ्याच मशीनमध्ये आम्ही १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) विंडोजसाठी बसवली आहे आणि जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून ठेवली आहे. अशा मशीनवर डाउनलोड सी ड्राइव्हमध्येच साठत राहिले की लहान एसएसडी भरते, 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि विंडोजचे अपडेट अडकायला लागतात. डी ड्राइव्ह मात्र रिकामाच पडून असतो.

जागा बदलायची रीत

आधी डी ड्राइव्ह उघडा आणि त्यात एक नवा फोल्डर तयार करा. नाव साधं आणि रोमन अक्षरांत ठेवा. हा फोल्डर आधी करणं फार गरजेचं आहे, त्याचं कारण पुढं सांगतो.

मग विंडोजचं बटण दाबून धरून ई दाबा. फाइल एक्सप्लोररची खिडकी उघडेल. डावीकडच्या यादीत 'डाउनलोड्स' दिसेल. त्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' निवडा, वरच्या टॅबमधून 'लोकेशन' उघडा आणि 'मूव्ह' दाबा. आता डी ड्राइव्हमधला तो नवा फोल्डर निवडा आणि 'अप्लाय' करा. जुन्या जागेच्या फाइल नव्या जागी हलवू का, असं विंडोज विचारेल. 'यस' म्हणा. 'नो' म्हटलं तर जुने कागद सी ड्राइव्हमध्येच राहतात, नवे डी ड्राइव्हमध्ये जातात आणि पुढं दोन्हीकडं शोधत बसावं लागतं.

फाइल जास्त असतील तर हलवायला वेळ लागतो. तेवढ्यात वीज जाऊ नये म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर यूपीएसची बॅटरी धड आहे का ते आधी बघा.

आता ते कारण. 'मूव्ह' दाबल्यावर घाईघाईत नुसता डी ड्राइव्ह निवडू नका, त्याच्या आतला फोल्डरच निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच डाउनलोड्स समजते. पुढं कधी जागा पुन्हा बदलायला गेलात, तर त्या ड्राइव्हमधलं सगळंच, लग्नाच्या फोटोंपासून टॅलीच्या डेटापर्यंत, डाउनलोड समजून हलवायला निघते. हा गुंता सोडवणं फार किचकट असतं. तसंच डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स या दोघांना एकच फोल्डर देऊ नका. एकदा ते एकमेकांत मिसळले की वेगळे करताना नाकीनऊ येतात. हे दोन प्रकार आमच्याकडं वारंवार येतात, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरून जोडायची हार्ड डिस्क यांनाही कायमची डाउनलोडची जागा करू नका. ती काढून ठेवलेली असताना डाउनलोड करायला गेलात की अडणार.

ब्राउझरचं वेगळं बघावं लागतं

ब्राउझर म्हणजे क्रोम, एज यांसारखा इंटरनेट उघडायचा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये जागा बदलली की तो बहुधा आपोआप मागोमाग जातो, पण त्याच्या सेटिंगमध्ये पूर्वी कुणी हात घातलेला असेल तर तो जुन्याच जागी फाइल टाकत राहतो. म्हणून एकदा तपासाच.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, 'सेटिंग्ज' उघडा आणि डावीकडून 'डाउनलोड्स' निवडा. 'लोकेशन'समोर सध्याची जागा लिहिलेली असते. ती चुकीची असेल तर शेजारच्या 'चेंज'वरून बदला. त्याखाली आणखी एक बटण आहे, प्रत्येक फाइल डाउनलोड करण्यापूर्वी जागा विचारायची की नाही, याचं. आमचं स्पष्ट मत आहे की ते सुरू ठेवावं. दर वेळी एक क्लिक जास्त करावं लागतं हे खरं, पण त्याच क्षणी तुम्ही फाइलला नाव देता आणि योग्य फोल्डर दाखवता. नाहीतर तीच फाइल तीनदा डाउनलोड होते, नावापुढं कंसात १, २ असे आकडे लागत जातात आणि यातली ताजी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

दुकानात किंवा घरी एकाच कॉम्प्युटरवर क्रोमच्या दोन-तीन प्रोफाइल असतील तर हे सेटिंग प्रत्येक प्रोफाइलमध्ये वेगळं करावं लागतं. तुमचं केलं म्हणून मुलाचं झालं असं होत नाही.

एजमध्ये रस्ता जवळजवळ हाच आहे. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांवरून 'सेटिंग्ज'मध्ये जा. 'जनरल'मध्ये थोडं खाली आल्यावर 'डाउनलोड्स' सापडेल. मॅक वापरणाऱ्यांना सफारीच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल'खाली हीच सोय मिळेल.

व्हॉट्सअ‍ॅप ब्राउझरमध्ये उघडत असाल तर त्यातली पीडीएफही ब्राउझरच्या याच जागी उतरते.

वर्डचं मात्र वेगळं आहे. तुम्ही स्वतः टाइप केलेला अर्ज हा काही डाउनलोड नव्हे. त्याची जागा वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' या क्रमानं गेल्यावर 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'समोर लिहिलेली सापडते आणि तिथंच ती बदलता येते.

पाहिलेली फाइल सेव्ह झालेली नसते

सातबारा किंवा वीजबिल स्क्रीनवर उघडलं, वाचलं, प्रिंटही काढली. तरी ते कॉम्प्युटरवर साठलेलं असेलच असं नाही. ब्राउझरच्या टॅबमध्ये दिसणारी पीडीएफ, वर उजवीकडच्या खाली जाणाऱ्या बाणावर क्लिक करून सेव्ह करेपर्यंत तुमच्या फोल्डरमध्ये येत नाही. टॅब बंद केला की ती गेली.

आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयांना विशेष विनंती. मेलला जोडून आलेली एक्सेल किंवा वर्ड फाइल थेट मेलमधूनच उघडून तिच्यात काम करू नका. अशी फाइल विंडोजच्या एका तात्पुरत्या, लपलेल्या फोल्डरमध्ये उघडते. दोन तास खपून केलेला पगारपत्रकातला बदल तिथंच अडकतो आणि पुढं त्या फोल्डरची साफसफाई झाली की पुसलाही जातो. आधी आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि मग तिथून उघडून काम करा.

फाइल सापडतच नसेल तर घाबरून पुन्हा डाउनलोड करण्याआधी ब्राउझर उघडा आणि कंट्रोल धरून जे दाबा. अलीकडं काय काय डाउनलोड झालं याची यादी येते. तिथं फोल्डरच्या चित्रावर क्लिक केलं की ती फाइल जिथं असेल तोच फोल्डर उघडतो.

डाउनलोड्स ही कायमची जागा नव्हे

डाउनलोड्स म्हणजे घराची ओसरी. बाहेरून आलेलं सामान आधी तिथं टेकवायचं, मग उचलून आत जागच्या जागी लावायचं. जागा डी ड्राइव्हवर नेल्यानंतरही महत्त्वाचा कागद तिथून उचलून शेती, बँक, मुलांचं शिक्षण अशा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कारण विंडोजमध्ये 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय आहे. डाउनलोड्समधल्या फार दिवस न उघडलेल्या फाइल आपोआप पुसण्याचा पर्याय तिच्यात असतो. मुळात तो बंद असतो, पण जागा कमी पडते म्हणून कुणी सुरू केला तर ३० किंवा ६० दिवस न उघडलेला कागद निघून जातो. जागा मोकळी करताना 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीतही 'डाउनलोड्स' असं एक खूण करायचं घर असतं. तिथं चुकूनही खूण करू नका.

फाइलच्या नावाबद्दल थोडं. '७/१२' असं नाव द्यायला गेलात तर विंडोज घेणार नाही, कारण नावात तिरकी रेघ चालत नाही. आडवी रेघ वापरा. गट नंबर आणि वर्ष नावातच घाला. वर्ष आधी लिहिलं तर फाइल आपोआप क्रमानं लागतात. विंडोजला देवनागरी नाव चालतं, पण काही पोर्टलवर अशी फाइल अपलोड करताना अडते. म्हणून जे कागद पुढं कुठं जोडावे लागतात त्यांची नावं रोमन अक्षरांत ठेवलेली बरी.

जागा बदलल्यावर "आधारची फाइल आता पासवर्ड मागतेय, बिघडली का?" असं विचारणारे फोन येतात. बिघडलेली नाही. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पहिल्यापासूनच पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मवर्ष.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत असा कागद डाउनलोड केला असेल तर काम झाल्यावर स्वतः डाउनलोड्स उघडा, आपली फाइल निवडा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. नुसतं डिलीट केलं तर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं आधार आणि पॅन सोडून येऊ नका, हे आम्ही कळकळीनं सांगतो.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

डी ड्राइव्हवर ठेवलं की फॉरमॅटची भीती बरीच कमी होते, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच खोलीत मधे भिंत घातल्यासारखे. डिस्कच गेली की दोन्ही भाग जातात. लॅपटॉप चोरीला गेला तरी तेच.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल साठवायची सोय) सुरू आहे म्हणून निश्चिंत असलेल्यांसाठीही सांगतो. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरची प्रत ठेवतं, पण त्या यादीत डाउनलोड्स नसतो. शिवाय फुकटची जागा ५ जीबीच असते. ती भरली की नवीन फाइल वर चढत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा तरी कागदांचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणि कॉपी झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क व्हायरसच्याही हाती लागते.

काही नव्या लॅपटॉपमध्ये फक्त सी ड्राइव्ह असतो. तिथं आम्ही डिस्कचा एक भाग वेगळा करून देऊ शकतो. हे काम घरी व्हिडिओ बघून करू नका. डेटा असलेल्या डिस्कवर चुकीच्या जागी एक क्लिक झालं तर मोठं नुकसान होतं.

कोरी विंडोज टाकल्यावर डी ड्राइव्हवरच्या फाइल जागेवर असतात, पण डाउनलोडची जागा पुन्हा सी ड्राइव्हवर गेलेली असते. नव्या विंडोजला तुमचं जुनं सेटिंग माहीत नसतं. मशीन परत देताना आम्ही तेवढं लावून देतो. तरी घरी गेल्यावर एखादं बिल डाउनलोड करून ते कुठं जातंय हे स्वतः पाहून घ्या.

आमच्या दुरुस्तीच्या पावतीवर आता 'कागद कुठं ठेवले आहेत' अशी एक ओळ छापलेली आहे. मशीन देताना त्यात ड्राइव्ह आणि फोल्डरचं नाव लिहा. लिहिता येत नसेल तर थोडा वेळ थांबा, आपण तुमच्यासमोर कॉम्प्युटर उघडून शोधू. ती ओळ भरल्याशिवाय आम्ही फॉरमॅटला हात लावत नाही.