डोक्याच्या मारानंतरच्या फिट्सवर संशोधन: बेळगावातून निधीसाठी अर्ज कसा करायचा

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वर पट्ट्यातून येणारे डोक्याला मार लागलेले रुग्ण वाढतात. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो आणि मोटरसायकल अंधारात सरळ जाऊन धडकते. माणूस वाचतो, टाके निघतात, घरी जातो. सात-आठ महिन्यांनी शेतात काम करता करता तोच माणूस कोसळतो, हातपाय झाडतो. घरचे कांदा नाकाला लावतात. त्या अपघाताशी याचा संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

मार लागल्यापासून सात दिवसांच्या आत आलेली फिट ‘लवकरची’ आणि त्यानंतरची ‘उशिराची’ मानतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, गंभीर मार लागलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना पुढच्या ३० वर्षांत फिट्स आल्या. सौम्य मार असलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होते. फेनिटोइन हे फिट्सचे औषध दिले की पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी होतात, पुढचा आजार, म्हणजे उशिराच्या फिट्स, मात्र टळत नाही, हे १९९० पासून माहीत आहे. टाळणारे सिद्ध औषध आजही नाही. म्हणून निधी हवा, आणि तो आपल्या भागातूनही मागता येतो. मी संशोधन विभागात अर्जांचे काम करते. कल्पना चांगली असूनही कागदांपायी मागे पडलेले अर्ज मी पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कोण अर्ज करू शकतो

पहिले दार आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे. मुख्य संशोधक मान्यताप्राप्त वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेत नियमित नोकरीत असावा लागतो. स्वयंसेवी संस्थेला अर्ज करायचा असेल तर केंद्राच्या विज्ञान व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते. खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना एकट्याने अर्ज करता येत नाही, पण एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांबरोबर सहसंशोधक म्हणून येता येते. खानापूर किंवा चंदगडचा रुग्ण आधी ज्यांच्याकडे जातो ते हेच डॉक्टर, तेव्हा त्यांना जरूर घ्यावे.

आयसीएमआरच्या लहान अनुदानाची मर्यादा २ कोटी रुपये आहे, मध्यम अनुदानाची २ ते ८ कोटी. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने लहानच मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची वेगळी विद्यार्थी संशोधन योजना आहे. बीआयएमएस (बेळगावचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) यासारख्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना त्या विद्यापीठाच्या संशोधन निधीसाठीही अर्ज करता येतो. आणि सल्ला हवा असेल तर आयसीएमआरची एक राष्ट्रीय संस्था २००६ पासून बेळगावातच आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी. विषय वेगळा असला तरी आयसीएमआरचे कागद कसे चालतात हे तिथल्या लोकांना रोजच्या कामातून माहीत आहे.

कागद

अर्ज आयसीएमआरच्या ईपीएमएस या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर भरतात. संशोधकांची माहिती, संस्थाप्रमुखांचे संमतीपत्र, सहसंशोधकांच्या सह्या, कामाचे वेळापत्रक आणि खर्चाचा तपशील लागतो. खर्चात प्रत्येक रकमेचे कारण लिहा. नुसते ‘ईईजी यंत्र’ (मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणारे) लिहून भागत नाही. संस्थेत आहे ते यंत्र का पुरत नाही, तेही सांगावे लागते.

संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीवर समितीचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. वैद्यकीय संशोधनासाठी ही नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे असते, औषधांच्या चाचणीसाठी सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण यंत्रणेकडे. आमचा एक अर्ज या एका क्रमांकापायी परत आला आणि वर्ष वाया गेले. औषधाची चाचणी करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा. एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंद चालत नाही.

संमतीपत्र: इथेच खरी परीक्षा

डोक्याला मार लागलेला माणूस बेशुद्ध असतो, सही करणार कोण? कायद्याने मान्य असलेला जवळचा नातेवाईक. पण रुग्ण शुद्धीवर आला की त्याची संमती पुन्हा घ्यावी लागते, आणि हे पाऊल अर्जातच लिहायला हवे. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

आता भाषेचे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे. आपल्याकडे बहुतेक वेळा इंग्रजी आणि कन्नड तयार असते, मराठी राहून जाते. एकदा वॉर्डात एका बाईंपुढे कन्नड कागद ठेवला. त्यांनी शाई लावलेला अंगठा तसाच वर धरला आणि म्हणाल्या, “काय लिवलंय ते आधी वाचून दाखवा की, मग अंगठा देतो.” त्यांचे बरोबर होते. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतरे नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या, आणि ती बोलीच्या जवळची असू द्या. ‘अपस्मार’ असा एकटा शब्द ठेवू नका. पुढे ‘फिट, आकडी, मिरगी’ असे लिहा.

पाठपुरावा

हा आजार महिन्यांनी, कधी वर्षांनी उगवतो. त्यामुळे दोन वर्षे तरी रुग्ण सापडत राहील कसा, हे परीक्षक पहिल्यांदा विचारतात. ऊसतोड मजूर हंगाम संपला की गावी परत जातो, त्याचे सिम बदलते. रुग्णाबरोबर बायकोचा, भावाचा आणि गावातल्या किराणा दुकानदाराचा नंबर त्याच्या परवानगीने घ्या. आशाताईंच्या कामाचा मोबदला खर्चात धरा. सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले रुग्ण घेणार असाल तर चंदगड, गडहिंग्लजच्या सरकारी रुग्णालयांशी लेखी करार आधीच जोडा.

परदेशी निधी

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा एपिलेप्सी संशोधन कार्यक्रम २०१५ मध्ये ७५ लाख डॉलरने सुरू झाला, तो मुख्यतः डोक्याच्या मारानंतरच्या फिट्ससाठीच. सैनिकांमुळे सुरू झाला असला तरी परदेशी संस्थांनाही त्यात अर्ज करता आलेला आहे. आधी त्या कार्यक्रमाच्या ईब्रॅप पोर्टलवर पूर्वअर्ज, निवड झाली तर ग्रँट्स डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर पूर्ण अर्ज. त्याच सरकारच्या सॅम डॉट गव्हवरच्या संस्था-नोंदणीला आठवडे लागतात, ती आधी उरका. पैसा अमेरिकेची संसद दरवर्षी मंजूर करते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात निघाली आहे का ते पाहूनच कामाला लागा. शिकागोची क्युअर एपिलेप्सी ही रुग्णांच्या पालकांनी १९९८ मध्ये उभी केलेली संस्थाही परदेशी संशोधकांचे अर्ज घेते.

परदेशी पैशाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. खासगी ट्रस्टच्या महाविद्यालयाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीही हवी, आणि रक्कम प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच येते. हिशेब विभागाला हे अर्जाआधी सांगा, मंजुरीनंतर नव्हे.

मंजुरी आल्यावर

पहिला हप्ता आला की त्याच दिवसापासून बिले वेगळ्या फायलीत लावा. वर्षअखेरीस जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच लागला याचा दाखला) आणि खर्चाचे विवरण गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तेवढ्यात शोधसहायकाचा पगार थांबतो, तो दुसरी नोकरी धरतो, आणि रुग्णांना फोन करणारे कुणी उरत नाही.