पाळीव प्राण्यांची ओळखखूण

भरकटलेला पाळीव प्राणी मालकाकडे परत यावा म्हणून त्याच्या अंगावर घातलेली वा अंगात बसवलेली खूण. पट्टा-बिल्ला, गोंदण व मायक्रोचिप हे तिचे मुख्य प्रकार.

या प्रथेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून रोमन काळातील एका लोखंडी गळपट्ट्याकडे बोट दाखवले जाते. त्याला लटकवलेल्या बिल्ल्यावर ‘मी पळालो आहे, मला धरा; माझा मालक झोनिनस याच्याकडे पोचवलेत तर एक सॉलिडस मिळेल’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. काळ साधारणपणे इ. स. चौथे ते सहावे शतक. असे काही पट्टे कुत्र्यांचे असावेत, असे एक मत होते. मात्र ते गुलामांचे होते, हेच मत आज अधिक ग्राह्य धरले जाते. सॉलिडस हे सोन्याचे नाणे. कुत्र्यासाठी एवढे बक्षीस जरा जास्तच वाटते. शिवाय सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१५ च्या सुमारास शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर डाग देण्यास मनाई केली. त्यानंतर गुलामांसाठी पट्टे वाढले असावेत, असा तर्क केला जातो.

मायक्रोचिप म्हणजे सु. १२ मिमी. लांब व २ मिमी. व्यासाची काचेची कुपी. तीत बॅटरी नसते. रीडर (चिप वाचणारे यंत्र) जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्राने आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप आपला क्रमांक परत पाठवते. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार (१९९६) हा क्रमांक १५ अंकी व वारंवारता १३४.२ किलोहर्ट्‌झ असते. जुन्या १२५ व १२८ किलोहर्ट्‌झच्या चिपा प्रत्येक रीडरला वाचता येत नाहीत. चिप खांद्यांच्या पात्यांमध्ये टोचतात, पण ती सरकते. म्हणून रीडर मानेपासून पुढच्या पायांपर्यंत सावकाश फिरवावा लागतो.

चिप प्राण्याचा ठावठिकाणा सांगते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. चिपमध्ये फक्त क्रमांक असतो; मालकाचा फोन त्या क्रमांकापुढे नोंदवहीत असतो आणि तो बदलूनही नोंद तशीच राहिली की चिप मुकी होते. अमेरिकेतील निवारागृहांच्या एका अभ्यासात (२००९) चिप असलेले ५२.२% कुत्रे मालकांकडे परतले. एकूण भटक्या आढळलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण २१.९% होते. मांजरांत ते अनुक्रमे ३८.५% व १.८% होते. चिप बसवणारा मालक मुळातच अधिक दक्ष असू शकतो, हे मात्र ध्यानात घ्यावे.

हरवलेले मांजर सहसा लांब जात नाही. १,२१० मांजरांच्या एका पाहणीत (२०१८) सापडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश ५०० मी.च्या आत होती. घाबरलेले मांजर जिन्याखाली वा अडगळीत दबून बसते, ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही; रात्री विजेरी मारली की डोळे चमकतात. कुत्र्यांविषयी चेकियातील एका प्रयोगात (२०२०) शिकारी कुत्री परतीला निघताना आधी सु. २० मी. उत्तर-दक्षिण रेषेत धावलेली दिसली. भूचुंबकीय संवेदनेचा हा परिणाम असावा, असे संशोधक मानतात.