टॉकचं रेटिंग आणि टॉकवरचा फीडबॅक, यात गल्लत करू नका

वेब डेव्हलपर कॉन्फरन्सला टॉक संपला की आयोजक म्हणतात "फीडबॅक द्या हं सगळ्यांनी", आणि लोक मोबाईलवर चार-पाच स्टार दाबून चहाच्या लाईनीत पळतात. ते झालं रेटिंग. फीडबॅक कोणी दिलाच नाही.

रेटिंग वाईट असं नाही हां. क्यूकॉनसारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॉन्फरन्सला दाराशी हिरवी, पिवळी, लाल कार्डं ठेवायची पद्धत होती, बाहेर पडताना एक उचलून टाकायचं, बास. दोन सेकंदांचं काम म्हणून भरपूर लोक टाकतात, आणि आयोजकाला कामापुरतं कळतं की कुठला ट्रॅक (एका विषयावरच्या टॉक्सची रांग) चालला, पुढच्या वर्षी कोणाला परत बोलवायचं. पण स्पीकरने त्या लाल कार्डांचं करायचं काय? कोडचा फॉन्ट मागून दिसत नव्हता, की डेमो गंडला, की एसीमुळे लोक कुडकुडत होते, काहीच कळत नाही.

सरासरी तर अजून फसवी. समजा टॉक सर्व्हिस वर्करवर (वेबसाइटसाठी ब्राउझरमध्ये मागे गुपचूप चालणारी स्क्रिप्ट) आहे, अर्ध्या लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलंय आणि अर्धे ते प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या साइटवर, चालवून दमलेत. पहिले खूश होऊन 5 देतात, दुसरे वैतागून 1, सरासरी आली 3, आणि स्पीकर म्हणतो चला, ठीकठाक झाला. अरे पण ठीकठाक कोणालाच वाटला नव्हता! बरं, यात चूक टॉकची नसेलही, शेड्यूलमधल्या वर्णनात लेव्हल नीट लिहिली नाही म्हणून चुकीची माणसं येऊन बसली, आणि हे 3 या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आणि रेटिंग मिळतं ते बरेचदा बोलण्याच्या झोकाला. 1970 मध्ये अमेरिकेत एका नटाला 'डॉक्टर फॉक्स' म्हणून मानसोपचारतज्ज्ञ वगैरे मंडळींसमोर उभं केलं, विषय गेम थिअरी, भाषण मुद्दाम पोकळ आणि उलटसुलट, पण सादरीकरण एकदम झकास. श्रोत्यांनी फॉर्मवर छान छान शेरे दिले. टेक कॉन्फरन्सला मीम्सवाल्या स्लाईड्स हेच काम करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

फीडबॅक वेगळा, त्यात कारण असतं. मे 2013 मध्ये जेएसकॉन्फ यूएस या जावास्क्रिप्टवाल्यांच्या (जावास्क्रिप्ट म्हणजे वेबची प्रोग्रामिंग भाषा) कॉन्फरन्सला फेसबुकने रिअ‍ॅक्ट हे वेबसाइटचे स्क्रीन बांधायचं टूल जगासमोर आणलं तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएलसारखं मार्कअप (पानाचा सांगाडा लिहायचे टॅग) बघून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, त्या दिवशी कोणी स्टार गोळा केले असते तर फार काही हाती लागलं नसतं. पण लोकांचा आक्षेप नेमका होता: इतकी वर्षं आपण मार्कअप आणि लॉजिक वेगळं ठेवत आलो, तुम्ही ते एकत्र का करताय? याला उत्तर देता येतं, आणि त्याच वर्षी जेएसकॉन्फ ईयूमध्ये फेसबुकच्याच पीट हंटने दिलंही, की टेम्प्लेट (मार्कअपची फाईल) वेगळी काढून तुम्ही फक्त टेक्नॉलॉजी वेगळ्या करता, जबाबदाऱ्या नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो लिहिलेल्या कमेंटमध्ये. "मस्त टॉक, मजा आली" हे अक्षरांत लिहिलं तरी रेटिंगच. "कॅशेच्या डेमोत तुम्ही दुसऱ्या फाईलवर उडी मारलीत आणि तिथून पुढे मी हरवलो" हा फीडबॅक, एका ओळीचा असला तरी, कारण पुढच्या वेळी स्पीकर तिथे थांबेल. (स्पीकरच्या कपड्यांवर किंवा उच्चारांवर टोमणे मारणारे असतात ना, ते या दोन्हीत बसत नाहीत, आयोजकांनी ते स्पीकरपर्यंत पोचूच देऊ नये.)

फॉर्म बनवणाऱ्यांनी स्टार आपल्याकडे ठेवावेत, लिहिलेलं स्पीकरला द्यावं, आणि "टॉक कसा वाटला?" हा प्रश्न काढून "कुठे हरवलात?" आणि "सोमवारी ऑफिसला जाऊन यातलं काय करून बघाल?" एवढे दोनच विचारावेत, कारण "कसा वाटला"ला नव्वद टक्के माणसं "छान" लिहून मोकळी होतात.