पार्श्वभूमी : पाणी, कीटकनाशके आणि ‘बीडीएल’चा शेरा

फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्ली-मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, क्लोरपायरिफॉस ही कीटकनाशके सापडल्याचा अहवाल आला. बाटलीवर प्रमाणन चिन्ह तेव्हाही सक्तीचे होते. मग ही बाटली पास कशी झाली?

उत्तर नियमातच होते. कीटकनाशकांचा अंश ‘डिटेक्शन लिमिटच्या खाली’, म्हणजे तपासणीत दिसू शकणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा कमी असावा, एवढीच अट होती. ही मर्यादा पाण्याची नसते, यंत्राची आणि ते चालवणाऱ्या हाताची असते. जुनाट पद्धत वापरा, पाणी आपोआप स्वच्छ! लॅबच्या भाषेत ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट) असा शेरा मारला की विषय संपला.

त्यावर जुलै २००३ मध्ये आकडा ठरला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला : एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, सगळ्यांना मिळून ०.५. म्हणजे कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. हा आकडा युरोपच्या १९८० च्या निर्देशातला. तिथेही तो विषशास्त्रातून आला नव्हता. तेव्हाच्या यंत्रांना जेमतेम दिसेल ते ‘जवळपास शून्य’ मानले गेले. उद्योगांचा आक्षेप नेमका यावर होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण आकड्यामुळे लॅबला पहिल्यांदाच जाब विचारता आला, हे त्यांना बोचले असावे.

ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांचा वाद पेटला, तेव्हा हा जाब उघड झाला. कंपन्यांनी स्वतःचे रिपोर्ट पुढे केले. सरकारी प्रयोगशाळांचे आकडे वेगळे आले, तरी अंश सापडलेच. भांडण पद्धतीवर आले. असे अंश मोजणारा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर क्लोरीनयुक्त रेणूंना फार संवेदनशील, पण नाव सांगत नाही. फक्त आलेखावर शिखर दाखवतो. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) किंवा वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर खातरजमा लागते. शिवाय प्रत्येक बॅचमागे ब्लँक, म्हणजे पाण्याचा नमुना न घालता केलेली तीच सारी प्रक्रिया : सॉल्व्हंटच (वापरलेला द्रावकच) दूषित असेल तर तिथे कळते. आणि रिकव्हरी : मोजून टाकलेल्या क्लोरपायरिफॉसपैकी साधारण ७० ते १२० टक्के परत मिळायला हवे. चाळीसच मिळाले, तर त्या दिवशीच्या ‘बीडीएल’ला अर्थ नाही.

२०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे, बाटलीच्या तीनशे पट. त्यामुळे रिपोर्टवर ‘बीडीएल’च्या शेजारी डिटेक्शन लिमिट किती होती, हे छापलेले आहे का, तेवढे आधी पाहावे.