विनोदी आत्मपर निबंध : कोकणातील वाचन व आस्वाद

लेखकाने ‘मी’च्या तोंडून स्वतःची फजिती, खोड किंवा विक्षिप्तपणा हसतखेळत सांगितलेला छोटेखानी गद्यलेख. लघुनिबंध, ललित निबंध आणि विनोदी लेख यांच्या सीमेवर हा प्रकार वावरतो. आत्मचरित्राशी त्याचे नाते दिसते तितके सख्खे नाही. त्यातला ‘मी’ बहुधा घडवलेला असतो.

उगम : या प्रकारात दोन धारा मिसळल्या आहेत. पहिली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातील लेखापासून ती सुरू झाली असे सामान्यतः मानतात. कोल्हटकरांचे निवेदन प्रथमपुरुषी आहे, पण निवेदक सुदामा हा मुखवटा. बंडूनाना व पांडूतात्या त्याचे सोबती. चिं. वि. जोशींचा चिमणराव याच वाटेने आला.

दुसरी धारा लघुनिबंधाची. तिच्या जनकत्वाचा वाद जुना आहे आणि त्यात कोकणाचा थेट संबंध येतो. ना. सी. फडके यांनी १९२६ च्या सुमारास पुण्याच्या ‘रत्नाकर’ मासिकातून असे लेखन सुरू केले. ‘गुजगोष्टी’ हा संग्रह १९३३ चा. वि. स. खांडेकर १९२० पासून वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्यास शिक्षक होते. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातून १९२७ च्या आसपास त्यांचे या वळणाचे लेख येऊ लागले. ‘वायुलहरी’ हा त्यांचा संग्रह मात्र १९३६ मध्ये निघाला. संग्रहाच्या सालावरून क्रम लावला की खांडेकर अनंत काणेकरांच्याही (‘पिकली पाने’, १९३४) मागे पडतात. ही पद्धत सोयीची खरी, पण साप्ताहिकाच्या स्तंभात आधी छापून गेलेला मजकूर तीत गळतो. गार्डिनर, लिंड आदी इंग्रजी निबंधकारांचे वाचन फडके व खांडेकर दोघांच्याही मागे होते. तेव्हा अग्रक्रम फडक्यांकडे ठेवूनही खांडेकरांचा प्रयत्न स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लघुनिबंधाने विनोदाला हशापासून स्मिताकडे आणले, तसेच मुखवटा उतरवून लेखकाला स्वतःच्या नावाने बोलायला लावले.

वाचन : रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, म्हणजे प्रकार जन्मण्याच्या कितीतरी आधी त्याची कपाटे तयार होती. पुढे दिवाळी अंकांनी त्यात भर घातली.

आस्वाद : या किनाऱ्यावर असा निबंध ‘गजाली’च्या कानाने वाचला जातो. गजाल म्हणजे पडवीत किंवा पारावर रंगणारी गप्पागोष्ट. गजाल सांगणारा आधी स्वतःची टोपी उडवतो, मग शेजाऱ्याची. पहिले केले नाही तर दुसरे कुचाळकी ठरते. विनोदी निबंधाच्या वाचकाने तपासण्याची गोष्ट नेमकी हीच : हसू कोणावर पडते? पु. ल. देशपांडे यांच्या दोन पुस्तकांवरून फरक कळतो. ‘असा मी असामी’ (१९६४) मधील निवेदक कडमडेकर जोशी स्वतःवर हसवतो, तो पु. ल. नव्हे, तरी आत्मपर निबंधाची सारी कळ तेथे आहे. ‘व्यक्ति आणि वल्ली’ (१९६२) मधील रत्नागिरीच्या अंतू बर्व्याच्या चित्रात ‘मी’ पाहुणा असतो आणि बोलतो अंतूशेठ. काटेकोर अर्थाने ते व्यक्तिचित्र आहे, निबंध नव्हे. पण रत्नागिरीकर वाचकाला त्यात आपलाच खवचटपणा ऐकू येतो व शेवटाकडे तोच खवचटपणा दारिद्र्यावरचे पांघरूण असल्याचे ध्यानात येते. हे व्यक्तिचित्र दुसऱ्यांदा वाचताना हसू कमी येते.



मालवणी : मालवणीतील विनोद निबंधापेक्षा रंगभूमीकडे वळला, गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ (१९८०) हे त्याचे ठळक उदाहरण. आत्मपर निबंध या बोलीत तुरळक. बोलीचा हेल कागदावर उतरत नाही, ही अडचण आहेच. ‘मेल्या’ ही शिवी की लाड, हे ऐकणाऱ्याला हेलावरून कळते. छापील पानावर ते वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.